बावखल आणि बुरूज

मुंबई जवळ आहे म्हणून वसई वाढली, असं सरसकट म्हटलं जातं. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांपुरतं ते खरंही आहे. पण त्यामागची पाच शतकं पाहिली तर नातं उलटं दिसतं. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि भोवतालची बेटं पोर्तुगीजांना तोडून दिली. त्या बेटांत मुंबईही होती. पुढे सव्वाशे वर्षं मुंबई म्हणजे वसईच्या कारभाराखालचं, माडांचं आणि भातखाचरांचं एक साधं बेट. उत्तर फिरंगाणाची, म्हणजे पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखाची, राजधानी वसईत, श्रीमंतांचे वाडे वसईत, गलबतंही इथेच बांधली जायची. १६६१च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून ठरली, तेव्हा गोव्याच्या व्हाइसरॉयने ताबा द्यायला बरीच खळखळ केली. प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ उजाडलं. त्या बेटावर पुढे काय उभं राहणार आहे याची चाहूल निदान त्या एका माणसाला लागली असावी.

वसईच्याही मागे सोपारा आहे. आज नालासोपारा म्हटलं की लोकांना गर्दीने फुटणारी लोकल आठवते. पण ग्रीक नाविकांच्या नोंदींत इथलं जुनं बंदर, शूर्पारक, आहे, अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे इथे सापडले आहेत आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाच्या कोटातला स्तूप उकरून त्यातला करंडक बाहेर काढला. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मुंबईच्या संग्रहालयात आहे. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला मिळाला. हे भुईगाव आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथे आजही भाजीच्या वाड्या आहेत.

अशा गावात राहणाऱ्याला बाहेरची माणसं हमखास विचारतात, इतक्या जुन्या ठिकाणी राहायला कसं वाटतं? त्यांच्या डोळ्यांसमोर किल्ला असतो. माझ्या डोळ्यांसमोर किल्ला येत नाही. मी ज्या इतिहासात राहते तो जमिनीच्या पातळीखाली आहे, पाण्याने भरलेला आहे आणि त्याच्यावर कुठलाही निळा फलक लावलेला नाही. त्याला बावखल म्हणतात. गेली काही वर्षं माझ्या मनात एकच विचार घोळतो आहे : जुन्या गावातलं काय टिकतं आणि काय नाहीसं होतं, हे तिथल्या लोकांच्या अभिमानावर फारसं ठरत नाही. ते गरजेवर ठरतं. ज्याची रोज गरज पडते ते शतकानुशतकं टिकतं, गरज सरली की पाच वर्षांत बुजतं. मोठ्या शहराच्या शेजाराने गावाला केलेली सगळ्यात मोठी इजा हीच, की त्याने गावाच्या गरजा बदलून टाकल्या.

आधी किल्ल्याबद्दल. तिन्ही बाजूंनी पाणी आणि खाजण, भक्कम तट, आत चर्चच्या छपराविना उभ्या राहिलेल्या भिंती, उंच कमानी, मधून वाढलेले ताड आणि वड. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९च्या मे महिन्यात, सुरुंगांनी तट फोडून, फार मोठ्या संख्येने माणसं खर्ची घालून, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तटातून आत शिरताना त्या लढाईची किंमत जाणवल्याशिवाय राहत नाही. विजयाची खूण म्हणून इथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात गेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही आहेत. मेणवलीला कृष्णेच्या घाटावर मी ती घंटा पाहिली तेव्हा वाटलं, वसईचा एक तुकडा इथे वाजत राहिला आहे, आणि तो राहिला कारण देवळाला घंटा लागतेच. जिथून ती काढली तो मनोरा मात्र रिकामा. पुढे १७८० मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि १८०२च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इथेच तो तह केला, ज्याने पेशवाई इंग्रजांच्या हाती गेली. त्यानंतर या किल्ल्याची कुणालाच गरज उरली नाही. आज त्याला आदर भरपूर आहे. चिमाजी अप्पांचा पुतळा आहे, रविवारी शाळांच्या सहली येतात, लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला येतात. कायद्याचं संरक्षणही आहे : संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरवर नियंत्रण.

या १०० मीटरची दुसरी बाजू किल्लाबंदरच्या कोळीवाड्यात दिसते. तटाच्या कुशीत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसांची घरं त्या रेषेच्या आत येतात. पावसाने भिंत खचली तरी परवानगीचा कागद आधी, विटा मागाहून. किल्ला पाहायला येणारा माणूस बंदरावर वलांड्यांवर सुकणारे बोंबील पाहून नाकाला रुमाल लावतो आणि बुरुजाचा फोटो काढतो. मला यात काहीतरी फार मोठं चुकतंय असं वाटतं. या किल्ल्याशी आजही रोजचा व्यवहार ठेवून असलेली जी थोडी माणसं आहेत, त्यांत हे कोळी पहिले. त्यांच्या होड्या त्याच खाडीत लागतात जिच्यासाठी हा किल्ला बांधला गेला. तरी स्मारकाच्या नकाशावर ते अडथळा म्हणून येतात.

आता बावखल.

वसईच्या पश्चिमेला, आगाशी-अर्नाळ्यापासून खाली पाचूबंदरापर्यंत, समुद्राला समांतर रेतीमिश्रित जमिनीचा पट्टा आहे. या पट्ट्यात गावागावांत, वाडीवाडीत पूर्वजांनी खड्डे खणून ठेवले आहेत. कुठे चार खोल्यांच्या घराएवढे, कुठे अर्ध्या मैदानाएवढे. काठ उतरते, दगडी बांधणी बहुधा नाही, काठावर भेंड, करंज, उंबर, माड. पावसाळ्यात ही बावखलं तोंडोतोंड भरतात. दिवाळीनंतर हळूहळू उतरतात. उन्हाळ्यात तळाशी गुडघाभर पाणी राहतं, काठाच्या चिखलात ढोकरी पाय रोवून उभी असते, खंड्या एकाच फांदीवरून पुन्हा पुन्हा सूर मारतो. बावखलात उतरलेलं पाणी कुठे गेलं असं विचारलं, तर ते शेजारच्या विहिरीत गेलेलं असतं. बावखल ही विहिरीची आई आहे, असं मला एका वाडीवाल्याने सांगितलं होतं. जमिनीखालचं शास्त्र तेच सांगतं.

समुद्राकाठी रेतीच्या पोटात गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं हलकं, खारं जड. भूजलाचा ठोकताळा असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी खाऱ्याला दाबून धरतं. म्हणजे वरची पातळी मीटरभर खाली गेली, तर खालून खारं पाणी चाळीस मीटर वर सरकायला मोकळं होतं. वसईत पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण चार महिन्यांत पडतो आणि उतार मिळाला की खाडीत पळतो. त्याला पळू न देता जमिनीत मुरवायचं, आणि मुरवलेलं पाणी हलक्या हाताने काढायचं, या दोन गोष्टींवर इथली सगळी बागायत उभी राहिली. मुरवायला बावखल आणि काढायला रहाट. बैल किंवा रेडा गोल फिरायचा, पोहऱ्यांची माळ वर यायची, पाटातून पाणी केळींना आणि पानवेलींना जायचं. रहाटाचा वेग इतकाच असायचा की विहिरीला दम घ्यायला वेळ मिळावा. मग तेलाचं इंजिन आलं, नंतर विजेची मोटर आली. दिवसाचं पाणी तासात निघू लागलं आणि विहिरींनी मचूळ पाणी द्यायला सुरुवात केली. मोटर वाईट असं मला म्हणायचं नाही. रहाटामागे रोज सकाळी बैल हाकत फिरणाऱ्या पोराला शाळेत जायला मोटरीनेच मोकळं केलं. पण रहाटाबरोबर पाण्याला आपोआप असलेला आवर गेला, आणि त्याच्या जागी दुसरा आवर कुणी घातला नाही.

या पाण्यावर वसईने काय काय पिकवलं! पानवेलींची पानं रेल्वेने उत्तरेकडे जायची. सोनचाफा, मोगरा, तगर, जास्वंद दादरच्या फुलबाजारात. वेलवर्गीय भाज्या, अळू, माठ. केळीच्या तर किती जाती, त्यांतली राजेळी मोठी आणि सुकवायला उत्तम. आगाशीची सुकेळी याच राजेळीची. पिकलेल्या केळ्यांची सालं काढायची, उंच मांडवावर उन्हात पसरायची, रोज उलटायची, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. हे आठवडाभर चालतं. हळूहळू केळं आकसतं, मधाच्या रंगाचं होतं, त्याच्यातली साखर त्याच्याच अंगावर चढते. बाहेरून काहीही घालायचं नाही. एक दिवस आभाळ भरून आलं तरी सगळा घाणा बिघडू शकतो. सुकेळी खाताना लोक चवीबद्दल बोलतात. मला त्यात माणसांचे हात दिसतात. घरातल्या तीन-चार जणांनी आठवडाभर मांडवावर लक्ष ठेवलं, तेव्हा ती झाली. आता राजेळी कमी, मांडवाला जागा कमी आणि दिवसभर घरी असणारे हात त्याहून कमी.

आणि ही सगळी व्यवस्था एका जातीची किंवा एका धर्माची नव्हती. सामवेदी ब्राह्मण, सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी, वाडवळ, भंडारी, आगरी, कोळी, मांगेला, ईस्ट इंडियन. कादोडी आणि वाडवळी अशा बोली. चर्च आणि देऊळ वेगळं झालं, पण विहिरीला पाझर देणारा रेतीचा थर एकच राहिला. १७३९ नंतर इथले ख्रिस्ती इथेच राहिले, इथेच शेती करत राहिले. राज्य बदललं तरी शेजार मोडला नाही, यामागे थोर तत्त्वज्ञान असेलच असं नाही. वरच्या वाडीचं बावखल भरलं नाही तर खालच्या वाडीची विहीर आटते, ही गोष्ट दोघांनाही पुरेशी होती. गरजेने बांधलेला शेजार भाषणांनी बांधलेल्या शेजारापेक्षा टिकाऊ असतो असं मला इथे राहून पटलं आहे.

मग शहराच्या इतक्या जवळ असूनही हा पट्टा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कसा टिकला? खाडीमुळे. रेल्वे १८६४ मध्ये आली. १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत रोजची एक गाडी सुरू झाली आणि वाटेत खाडीतल्या पाणजू बेटावरही ती थांबायची. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत पोचली. पण नायगाव आणि भाईंदर यांच्यामध्ये पसरलेल्या खाडीवर पूल होता तो फक्त रेल्वेचा. रस्त्याने यायचं तर घोडबंदरचा वळसा. त्यामुळे माणूस मुंबईला जाऊन संध्याकाळी परत येऊ शकत होता, फुलांची पाटी मालडब्यातून जाऊ शकत होती, पण बांधकामाचे ट्रक सहज येऊ शकत नव्हते. एवढं अंतर गावाला फार मानवलं. शहराशी बाजाराचं नातं, जमिनीचं नाही. वाडीतली बाई पहाटेच्या लोकलने दादरला जाऊन फुलं विकून दुपारी घरी यायची. शहराने तिचा माल घेतला, तिची विहीर मागितली नाही.

मग शहरातल्या माणसांना शहरात राहणं परवडेनासं झालं. १९८२चा गिरणी संप, बंद पडत गेलेल्या गिरण्या, दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेलं कुटुंब. आम्ही त्यांतलेच. लालबागची खोली विकून वडिलांनी वसई रोडला दोन खोल्यांचं घर घेतलं तेव्हा घरात स्वतःचा संडास आहे याचा आईला झालेला आनंद मला अजून आठवतो. त्या आनंदाला कुणी नावं ठेवू नयेत. नालासोपारा-विरारच्या इमारतींत जी माणसं आली ती कुणाचा वारसा पुसायला आली नव्हती. त्यांना छप्पर हवं होतं आणि मुंबईने ते नाकारलं होतं. आज वसई-विरारला गर्दी म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा, की ज्यांच्या श्रमावर मुंबई उभी राहिली त्यांच्यासाठी मुंबईत जागा का नव्हती.

पण इमारतींना पाणी नव्हतं. बिल्डरने घराची किल्ली दिली, नळ दिला, नळात पाणी दिलं नाही. मग टँकर. सकाळी इमारतीच्या खाली टँकर लागायचा आणि बायका कळशा घेऊन रांग लावायच्या. ते पाणी कुठून येतं हा प्रश्न आम्हा मुलांना पडायचं कारण नव्हतं. ते पश्चिमेच्या वाड्यांतून येत होतं. विहिरीवर दिवसरात्र मोटर लावून टँकर भरले जात होते. वाडीवाल्याला केळीपेक्षा पाणी विकून जास्त पैसे मिळत होते आणि त्याच्या शेजारच्याची विहीर खारी होत होती. बावखलाने चार महिन्यांत मुरवलेलं पाणी आम्ही चौथ्या मजल्यावर भांडी घासायला वापरत होतो. एकाच तालुक्यात, रेल्वेच्या रुळांच्या दोन बाजूंना, एका गरजेने दुसऱ्या गरजेचा गळा धरला. आणि दोन्ही गरजा खऱ्या होत्या.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पश्चिमेच्या गावांतले लोक याविरुद्ध रस्त्यावर आले. हरित वसई संरक्षण समितीचा लढा तो हाच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यात पुढे होते. त्यांना महाराष्ट्र ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे लेखक आणि उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतो. वसईत मात्र जुनी माणसं आधी त्या मोर्च्यांची आठवण काढतात. २०२४च्या जुलैमध्ये ते गेले, तेव्हा इथल्या देवळांच्या गावांतूनही माणसं आली होती. धर्मगुरूने पाण्यासाठी लढावं हे बाहेरच्यांना नवल वाटतं, पण वसईत पाणी हाच सगळ्यांचा समाईक देव आहे. १९९० मध्ये नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले, २००९ मध्ये महापालिका झाली, गावं तिच्यातून वगळावीत म्हणून पुन्हा आंदोलन झालं. २०११च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. लढ्याने सगळं वाचलं नाही. पण पश्चिमेला आज जो हिरवा पट्टा दिसतो तो त्या लोकांनी अंगावर गुन्हे घेऊन राखलेला आहे, एवढं नव्याने राहायला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. घर घेताना एजंट ‘निसर्गरम्य परिसर’ म्हणून जो दाखवतो, तो हाच पट्टा.

आता खरं दुखणं सांगते. टँकरने बावखलं आटवली, पण बुजवली नाहीत. बुजवली ती नळाने. धरणाचं पाणी नळाला आलं, तेव्हा शहरी वस्तीची तहान बऱ्याच अंशी भागली, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्याचबरोबर गावातल्या घरांनाही विहिरीची गरज उरली नाही. विहिरीची गरज नाही म्हणून बावखलाची नाही. मुलगा बँकेत नोकरीला, सून शाळेत शिक्षिका, वाडी करणार कोण? मग बावखलात आधी केळीचा पालापाचोळा पडतो, मग जलपर्णी माजते, मग डास होतात म्हणून शेजारी तक्रार करतात, मग रात्री एक-दोन ट्रक डेब्रिज येऊन पडतं. कुणी मुद्दाम वैर साधलेलं नसतं. एके दिवशी तिथे सपाट जागा असते, आणि सपाट जागेला भाव असतो. किल्ल्याच्या एका दगडाला हात लावला तर गुन्हा दाखल होऊ शकतो. बावखलाभोवती मात्र शंभर मीटरची रेषा कुणी आखलेली नाही. किल्ला दोनशे वर्षं निरुपयोगी आहे आणि सुरक्षित आहे. बावखल परवापर्यंत उपयोगी होतं आणि उघड्यावर आहे.

बावखलाची गरज खरोखर संपली आहे का? २०१८च्या जुलैमध्ये त्याचं उत्तर मिळालं. वसई, नालासोपारा, विरार पाण्याखाली गेलं. रेल्वे बंद पडली, मिठागरांत अडकलेल्या कामगारांना बोटीने काढावं लागलं, अनेक सोसायट्यांत दिवसचे दिवस वीज नव्हती. पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगरावरून उतरणारं पाणी, पश्चिमेला भरतीची खाडी आणि मधल्या सखल पट्ट्यात भराव टाकून उभ्या केलेल्या इमारती. पाण्याला जायला वाट नाही आणि थांबायला जागा नाही. नंतर नेमलेल्या तज्ज्ञांनी जे उपाय सुचवले त्यांत जादा पाणी साठवून ठेवणारे तलाव होते. ते वाचून मी कितीतरी वेळ विचार करत होते. पाण्याला थांबायला जागा ठेवायची, हे या गावाला शिकवावं लागावं? त्याच्या पश्चिमेच्या गल्लीगल्लीत त्याच कामाचे खड्डे होते. पूर्वेचा पूर पश्चिमेच्या बावखलांनी अडला असता असं मी म्हणत नाही, त्यांचा उतार वेगळा आहे. पण पाणी मुरू देणारी जमीन राखून मगच घर बांधायचं, ही अक्कल पश्चिमेत होती आणि पूर्वेचा आराखडा आखताना ती कुणी विचारली नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. बावखल, वाडी, रहाट, लाल लुगड्यातल्या आज्या हे सगळं तुम्हा इमारतीतल्यांना रम्य वाटतं. पहाटे तीनला उठून मोगऱ्याच्या कळ्या तुम्ही खुडता का? पाठीचे मणके तुमचे झिजतात का? वाडीतल्या तरुण मुलीने नोकरी करू नये, आईसारखी पाटी उचलावी, असं कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूची नाही. तिला जमीन विकायचा हक्क आहे. ज्याला गाव जपायचं आहे त्याने दुसऱ्याच्या कष्टांवर ते जपू नये. म्हणूनच वारसा दिन, पदयात्रा, छायाचित्रांची प्रदर्शनं यांतून फार काही निष्पन्न होईल असं मला वाटत नाही. त्यांनी आदर वाढतो. आदराने किल्ल्याचं काय झालं ते समोर आहे.

गरज पुन्हा तयार व्हायला हवी, आणि त्याची किंमत गरजवंताने मोजायला हवी. ज्याच्या जमिनीत बावखल आहे तो ते राखून सगळ्या गावाच्या विहिरी गोड्या ठेवतो, पुराचं पाणी थोडं का होईना थोपवतो. मग महापालिकेने त्याला घरपट्टीत सूट द्यावी, किंवा थेट वर्षासनासारखी रक्कम द्यावी. विकास हक्कांचं हस्तांतर आपण रस्त्यासाठी गेलेल्या जमिनीला देतो, ते पाण्यासाठी राखलेल्या जमिनीला का देऊ नये? प्रत्येक बावखलाची सातबाऱ्यावर आणि विकास आराखड्यात नावानिशी नोंद व्हावी, म्हणजे रात्रीत पडलेलं डेब्रिज हा निदान गुन्हा तरी ठरेल. हे काम आता तातडीचं आहे, कारण जिने गावाला राखलं ती खाडीही यापुढे आड येणार नाही. २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोटीने मोटारी येऊ लागल्या आहेत. सागरी सेतूचं, नव्या महामार्गांचं बोलणं चालू आहे. येणाऱ्यांचं स्वागतच आहे, मीही तशीच आले. पण जमिनीखालचं पाणी कुणाचं, हे ते येण्याआधी ठरलेलं असावं.

आमची सोसायटी पापडीच्या अलीकडे आहे आणि तिच्या कंपाउंडच्या मागे एक बावखल अजून जिवंत आहे. गेल्या वर्षी सभेत ठराव मांडला, की गच्चीवरचं पावसाचं पाणी गटारात न सोडता बावखलात सोडावं, आणि त्या बदल्यात त्याच्या साफसफाईचा वार्षिक खर्च सोसायटीने उचलावा. मतं विभागली. दुसऱ्याच्या जागेत आपण पैसे का घालायचे, हा प्रश्न तासभर चालला. शेवटी आमच्या बोअरवेलचं पाणी दरवर्षी एप्रिलपासून मचूळ होतं, हे एका आजींनी उठून सांगितलं आणि बाजू पालटली. मग आम्ही तिघे-चौघे बावखलाच्या मालकांकडे गेलो. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, सगळी गल्ली त्यांना बाबा म्हणते. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि दोनच अटी घातल्या. “पाणी सोडा, पण पहिल्या दोन पावसांचं नको, ते तुमच्या गच्चीची घाण घेऊन येईल. आणि गाड्या धुतलेलं साबणाचं पाणी त्या पाइपात आलं, तर पाइप मी स्वतः काढून टाकीन.”

दोन्ही अटी रास्त होत्या. गच्चीच्या नळीला पहिला पाऊस बाहेर काढून देणारी वेगळी चावी बसवली. गाड्या धुवायची जागा मात्र अजून बदललेली नाही, कारण पार्किंगच्या सांडपाण्याचा उतारही बावखलाकडेच आहे आणि तो फिरवायचा तर अंगणातली फरशी उखडावी लागेल. त्याचा खर्च सव्वा लाख येतोय. तीन सभासदांनी पैसे भरायला नकार दिला आहे, त्यांच्याशी बोलणं चालू आहे. मृगाच्या आधी हे काम उरकलं नाही, तर या वर्षीही आमच्या गच्चीचं पाणी गटारातूनच खाडीला जाईल.